चिचगडचं न उघडलेलं खोकं

"फुकट देल्लं म्हनून खटला? मग आमच्या पोराच्या लग्नातल्या बुंदीवरबी भरा नं खटला, सर!"

हे बिसेनकाका. गोंदियाच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहून द्यायचे आणि सकाळी अर्धा तास आमच्या दुकानात पेपर ऐकायला यायचे. ऐकायलाच म्हणते, कारण वाचायचे ते रामटेके सर, आणि मोठ्यानं. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. बातमी अमेरिकेतली होती. तिथल्या सरकारनं एका अवाढव्य कॉम्प्युटर कंपनीला कोर्टात ओढलं होतं. कंपनीचा गुन्हा काय, तर मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामसोबत इंटरनेट बघायचा प्रोग्राम ती फुकट देत होती.

सरांनी पेपर घडी करून ठेवला. "मलेबी पुरतं नाई समजलं, बिसेनभाऊ. पन एवढं मोठं सरकार असंच कोर्टात जाऊन नाई राहिलं. समजलं का सांगतो."

मी तेव्हा कोपऱ्यात टाइपरायटरवरची धूळ पुसत होते. दुकानात येऊन पंधराच दिवस झाले होते. ते 'समजलं का सांगतो', म्हणजे 'समजलं की सांगतो', पुरं व्हायला दहा-बारा वर्षं लागली, आणि त्यात माझाही हात लागला. माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या बाईनं दिवाळी अंकासाठी लिहावं असं एवढंच माझ्याजवळ आहे.

मी मूळची चंदगडकडची. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावला तर खाली डाव्या टोकाला माझं माहेर आणि उजव्या टोकाला गोंदिया. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणीतरी लागत होतं. लग्न झालं रेल्वेतल्या पॉइंट्समनशी, आणि दोन दिवस गाड्या बदलत इथं आले. बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, आणि दुकानात सरांची झाडीबोली. मी 'हाय की' म्हटलं की लोक एकमेकांकडे बघायचे. त्यात माझा स्वभाव भित्रा. क्वार्टरमध्ये एकटीनं बसलं की छातीत धडधडायचं. ह्यांची आणि सरांची ओळख होती. हे म्हणाले, "सरांकडं जाऊन बस. चार माणसं तरी दिसतील."

रामटेके सर मूळ कामठ्याचे. त्यांच्या घरात पहिली नोकरी त्यांच्या वडलांना लागली ती टायपिंगच्या जोरावर, म्हणून सरांनी टायपिंगचा क्लास काढला. काउंटरच्या वर बाबासाहेबांचा फोटो, हातात पुस्तक घेतलेला. गोंदियातल्या निम्म्या कारकुनांची बोटं सरांनी घडवलेली. क्लासमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा दुकान झालं, आणि पुसापुशी करायला आलेल्या मला सरांनी एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर दिला.

"मला इंग्रजी येत नाही, सर."

"स्क्रूले येते का?"

अशी माझी कामाला सुरुवात झाली.

स्क्रूला इंग्रजी लागत नाही, पण पडद्याला लागते. मशीन अडलं की पडद्यावर पाटी येते आणि ती इंग्रजीत असते. मला अक्षरं ओळखू यायची, शब्द नाही. मग मी एक पद्धत लावली. पाटी आली की ती वहीत जशीच्या तशी उतरवून काढायची, रांगोळीचे ठिपके मोजून काढावेत तशी. मोठं अक्षर मोठं, छोटं ते छोटं, चौकट असेल तर चौकट, लाल असेल तर लाल पेन. बाजूला मराठीत कुणाचं मशीन, कुठलं गाव, काय करताना आली. संध्याकाळी सर एकेक वाचून अर्थ सांगायचे आणि मी तो खाली लिहायची. दहा वर्षांत अशा अकरा वह्या झाल्या. हे चिडवायचे, "बाकीच्या बायका पाककृती उतरवून घेतात." मी म्हणायची, ही मशीन बिघडल्याची पाककृती.

आता धंद्याची गोष्ट सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखं खोकं, वायर लावली की चालू. पण खोकं नुसतं खोकंच असतं. त्याला चालवणारा एक मूळ प्रोग्राम लागतो, आणि त्याच्यावर तुमच्या कामाचे प्रोग्राम. टायपिंगचा वेगळा, फोटोचा वेगळा. आमच्या गिऱ्हाइकांना मुख्य पाहिजे असायचं मराठी टायपिंग. अर्ज, ठराव, लग्नपत्रिका, कोर्टाची कागदं, सगळं मराठीत. आणि इथंच एक भानगड. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाच्या बोटांना ठाऊक असतं 'क' कुठं आहे. दुसऱ्या जागी ठेवला की ते बोट आंधळं होतं. बिसेनकाकांसारखा माणूस तीस वर्षं न बघता टाइप करायचा. त्याला नवा कळफलक देणं म्हणजे घरात रात्रीतून भिंती हलवण्यासारखं होतं.

यावर तोड काढली होती नागपूरच्या काळेंनी. काळे आणि त्यांची बायको, दोघांनी घरात बसून एक प्रोग्राम लिहिला होता. कळफलक जुन्या टाइपरायटरचाच, आणि अक्षर सुबक. एक सीडी, सोबत काळेबाईंच्या हातची चिठ्ठी, 'अडचण आल्यास फोन करावा'. फोन केला की बाई स्वतः उचलायच्या, मागं कुकरची शिट्टी ऐकू यायची. आमच्या दुकानातून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मशीनमध्ये काळेंचा प्रोग्राम असायचा.

मग दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराला मोठ्या कंपनीची तयार मशीनं आली. नाव लिहीत नाही. चांगली मशीनं होती, खोटं कशाला बोलू. सीलबंद खोक्यात यायची, आत सगळं भरलेलं. मराठी टायपिंगसुद्धा. फुकट! पण कळफलक त्यांचा नवा. आणि त्याच मशीनमध्ये काळेंची सीडी घातली की लाल चौकटीची पाटी येऊन काम थांबायचं. मी ती पाटी वहीत उतरवली, सात ओळींची. सरांनी अर्थ सांगितला: या यंत्रासोबत दुसऱ्याचं भाषेचं साधन चालणार नाही, घातल्यास गॅरंटी संपेल. शिवाय नागपूरच्या वितरकाची दुकानदाराला तोंडी अट होती, की दुसऱ्याचं मराठी टायपिंग दुकानात ठेवाल तर मशीनं मिळणार नाहीत.

त्या संध्याकाळी सर बराच वेळ चष्मा पुसत बसले होते. मग म्हणाले, "बाई, ते अमेरिकेचं आत्ता समजलं. समज, टाइपरायटरची कंपनी आहे. मशीनसंगं शाईची फीत फुकट देते. चांगलं आहे. पन मग मशीन अशी बनवते का दुसऱ्याची फीत बसलीच नाई पायजे. गोंदियातला फीत विकनारा दुकान बंद करून घरी बसते. मग उद्या तेच फीत महाग झाली, खराब झाली, तं जाशीन कुठी?"

"पण आज तर फुकट आहे, सर."

"आज आहे नं. म्हनून तं कोनी बोंबलून नाई राहिलं."

मला दिसत होते फक्त बिसेनकाका. त्यांनी उत्साहानं ते मशीन घेतलं होतं आणि तीन दिवसांनी दुकानात येऊन दोन्ही हात काउंटरवर ठेवून म्हणाले होते, "सुनंदाबाई, माहे हात काऊन चोरले वो तुम्ही?" माणूस हसत होता, पण डोळ्यांत पाणी होतं.

मी त्यांचं मशीन आत नेलं आणि सगळं पुसून काढलं. धंद्यात याला 'फॉरमॅट मारणं' म्हणतात, पाटी पाण्यानं धुवावी तसं. मूळ प्रोग्राम त्याच मशीनच्या नंबरानं कोरा घातला, वर काळेंची सीडी. लाल पाटी गायब! काकांनी टाइप करून बघितलं, आणि तिथंच उभं राहून कुणाचाच नसलेला एक आख्खा अर्ज टाइप करून टाकला.

माझ्या अंगात मग वारंच शिरलं. आलेलं प्रत्येक खोकं मी दुकानातच उघडायची, धुवायची, काळेंचं टायपिंग घालून मगच गिऱ्हाइकाला द्यायची. वितरकाच्या माणसाला दिसू नये म्हणून सीडी समोर ठेवायची नाही, घरून आणलेल्या पिठाच्या डब्यात. तालुक्यातालुक्यातली मशीनं माझ्या हातनं धुऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट दुसऱ्यांपेक्षा चांगली येत होती. सर म्हणायचे, "बाई मशीनले आंघोळ घातल्याबिगर घराबाहेर नाई सोडत."

त्या आंघोळींनीच पुढं घात केला.

काळेंचं चाललं होतं कठीण. आमच्यासारखी लपूनछपून सीडी घालणारी दुकानं किती असणार? बाकी जिल्ह्यांत त्यांचा प्रोग्राम बसेचना. दिल्लीत एक आयोग नवा कामाला लागला होता. मोठ्या व्यापाऱ्यानं आपल्या मोठेपणाच्या जोरावर लहानाची वाट अडवली, तर तक्रार ऐकायची, हे त्याचं काम. काळेंनी तिथं अर्ज टाकला. आयोगानं आधी बघितलं की यात काही तथ्य दिसतं का, मग चौकशीला अधिकारी नेमला. काळेंनी साक्षीदार म्हणून आमच्या दुकानाचं नाव दिलं होतं. जबाबासाठी पत्र आलं, आणि ते सरांच्या नव्हे, माझ्या नावानं. मशीनं उघडणारी मी होते.

सरकारी शिक्क्याचं पाकीट मी पहिल्यांदाच हातात घेत होते. आठ दिवस भाकरी गोड लागली नाही.

त्यातच वितरकाचा माणूस नागपूरहून आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. सर आत होते. तो काउंटरवर वाकून म्हणाला, "भाभीजी, आपको तो अंग्रेज़ी आती नहीं. वकील लोग दो सवाल पूछेंगे, आप फँस जाओगी. सीधा लिख दो, मशीन में ऐसा कुछ नहीं था. नहीं तो रामटेकेजी का माल बंद हो जाएगा. सोच लो, आपके कारण."

'आपके कारण' हे दोन शब्द मला रात्रंदिवस पुरले. सरांनी मला, कुठल्या कोपऱ्यातून आलेल्या बाईला, खुर्ची दिली, हुन्नर दिला. त्यांचं दुकान माझ्या जिभेमुळं बसणार होतं. मी सरांना सांगितलं, "मी जबाब देत नाही. आजारी आहे म्हणून कळवा."

सरांनी आधी मला पाणी दिलं. "काऊन रडून राहिली बाई? दुकान माहं आहे. बंद झालं तं माहं होईन. जबाब तुहा आहे. तो खोटा झाला तं तुहा होईन. आपापलं सांभाळू." मग म्हणाले, "आन् मी टाइपरायटर काई विकले नाई अजून. क्लास चालू करीन."

त्यांना ठाऊक होतं, टाइपरायटरचा क्लास आता कोण लावणार. मलाही ठाऊक होतं. पण मी 'देते जबाब' म्हटलं.

अधिकारी आले ते पन्नाशीचे, बारीक अंगाचे, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः धरणारे. त्यांना मराठी समजायची, बोलायचे हिंदी. सरांच्या टेबलाशी बसून त्यांनी मला विचारलं आणि एकेक उत्तर लिहून घेतलं. मी सगळं सांगितलं. लाल पाटीचं, सीडीचं, पिठाच्या डब्याचं. ते मध्येच थांबून म्हणाले, "उस पाटी पर क्या लिखा था, याद है?"

मी वही आणली. त्यांनी सात ओळी वाचल्या, परत वाचल्या. मग मला त्यातला एक शब्द बोटानं दाखवला. "इसका मतलब?"

"माहीत नाही, साहेब. सर सांगतात तो मी खाली लिहिते."

"और यह आपने लिखा है?"

"काढलंय, साहेब. लिहिलेलं नाही."

ते पहिल्यांदाच हसले. बाकीच्या वह्याही चाळल्या. दहा वर्षांच्या पाट्या, लाल-निळ्या. सरांना म्हणाले, "कंपनी का वकील कहेगा, गवाह ने बना लिया. पर जिसे इसका मतलब ही नहीं आता, वह ऐसी क़ानूनी अंग्रेज़ी बनाएगी कैसे?" माझं अडाणीपण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं.

पण लगेच त्यांनी बॅगेतनं दुसरा कागद काढला. कंपनीचं उत्तर. त्यात फोटो होते. पहिल्याच फोटोत कोर्टाबाहेरचं झाड, बिसेनकाकांचं टेबल, कंपनीचं मशीन, आणि पडद्यावर ठसठशीत काळेंचं टायपिंग. मागोमाग तिरोडा, आमगाव, सडक-अर्जुनी. कंपनीचं म्हणणं, आमच्या यंत्रात कुठलीच अडवणूक नाही. बघा, तक्रारदाराचा प्रोग्राम गोंदिया जिल्ह्यात आमच्या यंत्रांवर मजेत चालतो आहे.

सगळी मशीनं माझ्या हातनं धुतलेली. मी इतकं छान काम केलं होतं की काळेंची केस धुऊन टाकली होती.

"नया बॉक्स ले के देख लो न, साहेब," सर म्हणाले.

"देखा. शिकायत के बाद जो बॉक्स आ रहे हैं, उनमें वह रोक है ही नहीं. चुपचाप हटा दी. मुझे उस समय का बॉक्स चाहिए, जैसा आया था वैसा. एक भी है?"

मी मनात सगळी गावं मोजली. एकही नव्हतं. मी एकही सोडलं नव्हतं. साहेब जबाबाचे कागद जुळवायला लागले. जाता जाता म्हणाले, "एक सवाल और, मॅडम. मशीन साफ़ करने से पहले आप ग्राहक से पूछती थीं?"

"काय विचारायचं, साहेब?"

"कि कंपनी वाला रखूँ या हटा दूँ."

मी नाही म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. कुठलाही टोमणा न मारता लिहिलं, म्हणून जास्त लागलं. कंपनी माझ्या गिऱ्हाइकाला न विचारता घालत होती, मी न विचारता काढत होते.

ते उठले तेव्हा मला चिचगड आठवलं. आठवलं म्हणणं खरं नाही. ते दोन वर्षं आतल्या आत सलत होतंच, मी त्याच्यावर झाकण ठेवलं होतं.

चिचगडला जंगलातला माल गोळा करणारी एक संस्था होती. मोह, हिरडा, डिंक. तिचे सचिव कुमरेभाऊ स्वतः येऊन सरकारी योजनेतलं मशीन घेऊन गेले होते. मी खोकं उघडायला लागले तर त्यांनी हात धरला नाही एवढंच. "नाई बाई, सील तोडू नोको. समिती येनार आहे बघाले. सील तुटलेलं दिसलं तं म्हनतीन, कुमरेनं जुनी मशीन घेतली." मी म्हटलं, समिती येऊन गेली की फोन करा, मी येऊन लावून देते. त्यांनी फोन केला होता. समिती आली नव्हती, पण तुम्ही या, म्हणाले होते. मी पुढच्या आठवड्यात म्हटलं. मग परत पुढच्या. खरं कारण, देवरीच्या पुढच्या त्या रस्त्याबद्दल मी नको नको ते ऐकलं होतं आणि एकटीनं बसमधून जायला घाबरत होते. मग फोन यायचे बंद झाले आणि मी सुटल्यासारखा श्वास सोडला होता.

"एक आहे," मी म्हटलं. "असेल तर."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीत सर, साहेब आणि मी. सबंध रस्ता मी एकच विचार करत होते. कुमरेभाऊंनी कंटाळून दुसऱ्या कुणाकडून ते उघडून घेतलं असेल, तर माझा जबाब नुसत्या वहीवर राहिला आणि सरांचं दुकान फुकट गेलं. आणि नसेल उघडलं, तर दोन वर्षं तो माणूस माझी वाट बघत राहिला. दोन्हीकडून मीच.

कुमरेभाऊ संस्थेच्या दारात मोहाच्या पोत्यांना सुतळी मारत होते. मला बघून उठले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "आली का बाई? चाय मांडाले सांगतो." एवढंच. 'दोन वर्षं झाली' नाही, 'काऊन नाई आली' नाही.

"खोकं, भाऊ?"

"आहे नं."

आतल्या खोलीत, वाळवी लागू नये म्हणून चार विटांवर पाट ठेवून, त्यावर खोकं. वर प्लास्टिक, त्यावर चादर. सील जसंच्या तसं.

"समिती आली नाही अजून?" सरांनी विचारलं.

"येईन. नियम आहे नं," कुमरेभाऊ म्हणाले. "तोवर मी अर्ज टाइप कराले देवरीले जाऊन राहिलो. बसनं. दर आठवड्याले." मग साहेबांकडे बघून, "हे समिती आहे का?"

सरांनी डोळ्यानं खूण केली, पण साहेब सरळ खुर्चीत बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "नहीं भाऊ. पर सील मेरे सामने टूटेगी, और मैं लिख के दूँगा कि साबुत थी."

कुमरेभाऊंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं. दोन वर्षं त्यांना मशीनची नव्हे, सीलची राखण करावी लागली होती.

साहेबांनी फोटो काढले, दोन पंच बसवले. मी सील कापलं. ब्लेड इतक्या घाईनं ओढलं की कुमरेभाऊ म्हणाले, "धीरे बाई, बोट कापशीन." वायरी लावल्या. बटण दाबलं. काही नाही. जंगलातल्या दोन पावसाळ्यांची ओल आत गेली असणार. परत दाबलं. नाही. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी झाकण उघडलं, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून पदरानं कडा पुसल्या, परत बसवल्या. हे काम मी हजार वेळा केलं होतं, पण पदर इतका वेळ कधी घासला नव्हता. तिसऱ्यांदा दाबलं आणि पंखा फिरला.

सगळं सुरू व्हायला पाच मिनिटं लागली. मी काळेंची सीडी घातली. लाल चौकट आली. साहेबांनी माझी वही पडद्याशेजारी धरली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. सातही ओळी. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि मला दोन्ही हातांनी परत दिली, सणाच्या दिवशी ताट द्यावं तशी.

कुमरेभाऊ पडद्याकडे डोळे लावून बसले होते. "चालू झाली नं? आता मी अर्ज मारू?"

मशीन आता पुरावा झालं होतं, त्याला सील लागून ते दिल्लीला जायचं होतं. साहेबांनी समजावून सांगितलं. कुमरेभाऊंनी मान हलवली. "नेजा साहेब. कागद मात्र द्या." आणि चहा आणायला गेले. मी त्यांच्या मागं जाऊन म्हटलं, "भाऊ, सोमवारी मी येते." त्यांनी कपात चहा ओतता ओतता नुसतं 'हो' म्हटलं. विश्वास ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं.

सोमवारी मी बसनं गेले, एकटी, मांडीवर दुकानातलं मशीन चादरीत गुंडाळून. सबंध रस्ता जीव मुठीत होता, आणि रस्त्यावर झालं काहीच नाही. एक आजी शेजारी बसली होती, तिनं मला टेंभरं, तेंदूची फळं, खायला दिली.

वितरकानं बोलल्याप्रमाणं माल बंद केला. एक वर्ष दुकान दुरुस्तीवर चाललं. मी रोज सरांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि ते रोज म्हणायचे, "माह्याकडे काय पाहून राहिली, मशीनकडे पाह्य." दुसऱ्या कंपनीच्या मशीनचे विक्रेते मग आपणहून आले, आणि आमचं बरं चाललं. पण ते वर्ष मी विसरत नाही. सरांनी त्या वर्षी एकदाही 'तुझ्यामुळं' म्हटलं नाही. आता ते थकलेत, दुकानात दुपारी येऊन बसतात. हे मी छापायला देते आहे ते मुख्यतः त्यांनी वाचावं म्हणून.

आयोगाचा निकाल बऱ्याच दिवसांनी आला. जाडजूड इंग्रजी. सरांनी बिसेनकाकांसमोर तो मोठ्यानं वाचला, आणि एका परिच्छेदावर थांबून चष्मा सावरला. "बाई, हे तू आहेस. 'साक्षीदार चार.' म्हनते का हिच्यावर विश्वास ठेवाले जागा आहे." पुढचं थोडक्यात असं, की अडवणूक आणि दुकानदारावरची अट दोन्ही काढा, आणि मशीन पहिल्यांदा सुरू होताना गिऱ्हाइकाला विचारा, मराठीसाठी कुणाचं साधन हवं. कंपनी वर अपिलात गेली, पण विचारायची पाटी मात्र मशीनमध्ये आली. काळेंना तोवर फार उशीर झाला होता. ते शिकवण्या घेत होते. तरी प्रोग्राम त्यांनी चालू ठेवला. फोन केला तेव्हा काळेबाईंनी उचलला. मागं कुकरची शिट्टी तशीच.

नव्या पाटीचं पहिलं मशीन दुकानात घेतलं कामठ्याच्या एका मुलीनं. दाखले काढून देण्याचं केंद्र ती नुकतंच चालवायला लागली होती. खोकं तिच्यासमोर उघडलं. मशीन सुरू झालं, पाटी आली, दोन नावं, दोन रिकामी वर्तुळं. यावेळी अर्थ विचारायला मला सरांकडे जावं लागलं नाही. सर त्यांच्या खुर्चीतून बघत होते, बिसेनकाकाही. माझा हात सवयीनं माउसवर गेला होता. मी तो काढून घेतला आणि माउस तिच्याकडे सरकवला.

"कुणाचं पाहिजे, ताई? हे काळेंचं, जुन्या टाइपरायटरसारखं. हे कंपनीचं."

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "कंपनीचं राहू द्या नं, मॅडम. शाळेत तेच शिकली मी. मले ते टाइपरायटरचं येतच नाई."

बिसेनकाकांनी "अरे देवा" म्हटलं. सरांनी त्यांना हातानंच गप्प केलं. मला लागलं, खोटं नाही सांगत. काळे डोळ्यांसमोर आले, कुमरेभाऊंच्या चार विटा आल्या.

"तुम्हीच दाबा," मी म्हटलं.

तिनं दाबलं आणि टाइप करून बघायला लागली. खाली न बघता, दहाही बोटांनी, काकांच्या उमेदीच्या काळातल्या वेगानं. काकांनी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्या बोटांकडे बघत बसले.

"कोनी शिकवलं वो पोरी तुले?" त्यांनी विचारलं.